राक्षसाच्या हातातलं बाळ

स्टुडिओत त्याला सगळे वजनराव म्हणायचे. माणूस स्वतः काडीपहिलवान, फुंकर मारली तर उडेल असा. पण पडद्यावरच्या वस्तूला वजन आणावं ते यानेच. अ‍ॅनिमेशनच्या धंद्यात ही मोठी पंचाईत असते. कॉम्प्युटरच्या आत कशालाच वजन नसतं, हत्ती आणि फुगा तिथे सारखेच तरंगतात. हत्तीचा पाय टेकला की अंगावरचं मांस मागाहून हललं पाहिजे, पोतं उचलणाऱ्याची कंबर आधी खाली गेली पाहिजे, हे सगळं कुणाला तरी एकेका चित्रात बसून घालावं लागतं. ते हा घालायचा.

त्यासाठी त्याची एकच पद्धत होती. जे काय असेल ते आधी आपण करून बघायचं, फोन समोर उभा करून त्याचा व्हिडिओ काढायचा, आणि मग तो पुढे-मागे करत आपलीच कंबर नि आपलेच गुडघे तपासत बसायचं. स्टुडिओच्या मागच्या खोलीत तो कधी पाण्याचे जार कवटाळताना दिसायचा, कधी कपाटाला खांदा देताना. चिखलात रुतलेल्या गेंड्यासाठी तर तो गाद्यांच्या ढिगावरून अर्धा दिवस रांगला होता. गेंडा झकास झाला. वजनराव पुढे आठवडाभर पाठीला पट्टा लावून हिंडत होता.

नवा सिनेमा राक्षसाचा होता, लहानथोरांनी एकत्र बसून बघावा असा. राक्षस डोंगराएवढा आणि त्याची बायको मात्र तुमच्याआमच्याएवढी. हे कसं जुळलं ते विचारायचं नाही, कार्टूनमध्ये चालतं. त्यांना मुलगी होते आणि ती आईच्या वळणावर जाते, म्हणजे राक्षसाच्या नखाएवढी. तो तिला हात लावायला घाबरतो. ऊन आलं की तिच्यावर सावली धरतो, शिंक आली की टेकडीपलीकडे जाऊन शिंकतो, पण घेत म्हणून नाही. शेवटी एके दिवशी बायकोच त्याच्या तळहातावर बाळ आणून ठेवते. सगळा सिनेमा त्या एका शॉटवर उभा होता, आणि तो शॉट वजनरावाच्या वाट्याला आला. दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येणार? सगळ्यांनी ते गृहीतच धरलं होतं.

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी, कारण स्टुडिओत ती कुणालाच ठाऊक नव्हती. वजनरावाच्या बायकोला तीनदा दिवस गेले होते. दोनदा सुरुवातीलाच सगळं आटोपलं. तिसऱ्यांदा पाचवा महिना लागला, दोघांनी जरा कुठे श्वास सोडला, आणि एका दुपारी दवाखान्यात तेही संपलं. मुलगी होती. नर्सने तिला कपड्यात गुंडाळून आईच्या हातात दिलं. मग बाहेर येऊन वजनरावाला विचारलं, ‘‘घ्यायचंय का तुम्हाला? थोडा वेळ?’’ तो नको म्हणाला. नुसता नको म्हणून थांबला नाही, जिन्यापर्यंत मागे सरकला. हातात घेतलं की ते खरं होईल असं त्याला वाटलं. ते तसंही खरंच होतं, पण त्या घटकेला माणसाला कोण समजावणार? बायकोने त्यावरून त्याला आजवर चकार शब्द ऐकवला नव्हता. ऐकवला असता तर बरं झालं असतं, असं त्याला फार वाटायचं.

आता डॉक्टर म्हणत होते, अजून एकदा बघता येईल. तिसऱ्या महिन्यात गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घालायचा, पुढे पडून राहायचं. खात्री मी देत नाही, पण वय पुढे चाललंय, काय ते लवकर ठरवा. सोमवारी येऊन सांगा.

‘‘काय सांगायचं सोमवारी?’’ बायकोने जेवताना विचारलं. ती एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवून आली की घरी तिला कुणाच्या तोंडाकडे बघायचा कंटाळा यायचा. त्या दिवशी मात्र ती थेट त्याच्या तोंडाकडे बघत होती.

‘‘तू म्हणशील तसं,’’ वजनराव म्हणाला.

तिने हातातला चमचा खाली ठेवला. ‘‘हेच तू पहिल्या वेळी म्हणालास. दुसऱ्या वेळीही हेच. भिंतीला रंग कुठला, तू म्हणशील तसं. पोर हवं की नको, तू म्हणशील तसं. या वेळी तू सांगायचंस. हो तर हो, नको तर नको. आणि मला बरं वाटावं म्हणून नाही हं, खरं असेल ते.’’

वजनराव आपलं ताट उचलून बेसिनकडे गेला. त्याची बिचाऱ्याची खरोखरच गाळण उडाली होती. हिला मूल हवंय हे तो धरूनच चालला होता. हो म्हणावं आणि पुन्हा तसंच झालं तर? मग ते आपण घडवून आणलं असं होणार. नको म्हणावं तर हिला वाटणार, हा पुन्हा जिन्याकडे सरकला. तो चार दिवस याच चक्रात फिरत राहिला.

इकडे राक्षसही त्याला छळत होता. शॉट एकदा नापास झाला, दोनदा झाला, तिसऱ्यांदाही झाला. सिनेमा ज्या करत होत्या त्या दिग्दर्शिकेला स्टुडिओत नुसतं बाई म्हणायचे. बाई कामाच्या पक्क्या आणि तोंडाने फटकळ, दोन मुलं वाढवून आवाज चढलेला तो चढलेलाच. अंधाऱ्या खोलीत सगळ्यांसमोर शॉट लागला. राक्षसाने हात पुढे केला, बाळ त्यावर आलं, राक्षसाचा खांदा दबला, गुडघे वाकले.

‘‘बंद कर,’’ बाई म्हणाल्या. ‘‘अरे, हा बाप बाळ घेतोय की सिमेंटचं पोतं? त्याला तिचं ओझं वाटायलाच नको. ती त्याला काडीइतकीही जड नाही. आणि तरी हात थरथरायला हवेत. कळतंय का?’’

‘‘कळतंय.’’

‘‘नाही कळत. कसं कळणार म्हणा, तुला मुलंबाळं नाहीत.’’

त्या काही वाईट मनाने बोलल्या नाहीत. शेजारच्या टेबलावरचा सहकारी, ज्याला नुकतंच मूल झाल्यापासून पेंगुळ हे नाव पडलं होतं, तो मदतीला धावला. ‘‘मी शिकवतो याला. एकदा माझ्या घरी येऊन झोप, जन्मात नाव काढणार नाहीस बाळाचं.’’ सगळे हसले. वजनरावही हसला. हसण्यावाचून दुसरं काय करणार होता?

त्या दिवशी इतर जेवायला गेल्यावर त्याने सिनेमाची कच्ची जोडणी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. पेन्सिलीची चित्रं, मध्ये मध्ये रिकाम्या चौकटी, आवाज स्टुडिओतल्याच कुणाकुणाचे. मुलगी मोठी होते, दूर निघून जाते. राक्षसाची बायको म्हातारी होऊन मरून जाते. राक्षस एकटा बसून राहतो, इतकी वर्षं की त्याच्या पाठीवर झाडं उगवतात आणि लोकांना तो डोंगरच वाटायला लागतो. शेवटी मुलगी परत येते, ती झाडं धरून धरून वर चढते आणि त्याच्या कानात हाक मारते. इथे थिएटरातली मोठी माणसं रडणार हे सगळ्यांना माहीत होतं. वजनरावाला रडू आलं नाही, त्याला भीती वाटली. आपल्या पाठीवर कोण चढणार आहे? बायको आधी गेली तर आपण घरातल्या दोन खुर्च्यांच्या टेबलाशी बसणार आणि लोकांना वाटणार हे तिथलं सामान आहे. आपण आधी गेलो तर ती बसणार. एवढाच काय तो फरक. कानात हाक मारायला कुणी येणार नाही. त्याने स्क्रीन बंद केली आणि डबा न उघडताच परत बॅगेत टाकला.

रविवारी दुपारी बायको दुकानात होती. बाईंना दुसऱ्या दिवशी काहीतरी दाखवणं भाग होतं, म्हणून वजनरावाने स्वयंपाकघरात टेबल बाजूला ओढलं, पाण्याच्या बाटलीला टेकवून फोन उभा केला आणि पाच किलो पिठाची नवी पिशवी मोठ्या टॉवेलात गुंडाळली. आयुष्यभर ज्याने वजनं उचलली त्याला दुसरं सुचणार तरी काय? राक्षस एवढा मोठा, तेव्हा बाळही चांगलं भरभक्कम हवं, हा त्याचा हिशोब. त्याने ते गाठोडं घेतलं, फिरवलं, छातीशी धरलं. चेहरा हवा म्हणून वाकून टॉवेलात बघितलं. बघता बघता त्याच्या तोंडून ‘‘ए सोन्या, ए,’’ असंही निघून गेलं, आणि नेमकी बायको दारात उभी होती. दुकानातली वीज गेली म्हणून मालकाने लवकर सोडलं होतं.

‘‘काय चाललंय हे?’’

‘‘कामाचं आहे,’’ तो म्हणाला. ‘‘राक्षसाचा शॉट.’’

आता ती ओरडेल, नाहीतर आत जाऊन दार लावून घेईल, असं त्याला वाटलं. तिने पर्स खुर्चीवर ठेवली, चपला काढल्या आणि जवळ येऊन गाठोड्याकडे निरखून बघितलं.

‘‘मान कुठाय याची?’’

‘‘अं?’’

‘‘मान धरली नाहीयेस. बाळाची मान लुळी असते, खालून आधार लागतो. असं नाही, असं.’’ तिने त्याचा डावा हात धरून वर सरकवला. ‘‘आणि केवढं आहे हे?’’

‘‘पाच किलो.’’

‘‘जन्मल्या जन्मल्या पाच किलो?’’

‘‘राक्षस मोठा आहे, म्हणून मला वाटलं...’’

‘‘राक्षस मोठा आहे रे. बाळ नाहीये मोठं.’’

तिने गाठोडं त्याच्याकडून घेतलं, टेबलावर ठेवून सोडलं आणि पिशवीचं तोंड कात्रीने कापलं. वर्तमानपत्र पसरून त्यावर ती हाताने पीठ काढायला लागली. मूठ मूठ काढायची, मग पिशवी उचलून बघायची, पुन्हा काढायची. ‘‘वजनकाटा देऊ का?’’ त्याने विचारलं. ती म्हणाली, ‘‘नको. मला माहितीये.’’ ती काय करतेय हे पिशवी अर्धी झाली तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात शिरलं. त्याच वेळी तिचा हात धरायला हवा होता, पण पाय जागचे हलेनात. कागदावरचा ढीग वाढत गेला, पीठ कडेने जमिनीवर सांडायला लागलं, तिचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले. पिशवीच्या तळाशी थोडंसं उरलं तेव्हा तिने वरचा रिकामा भाग दुमडला, हात पुसायच्या छोट्या नॅपकिनात ते गुंडाळलं, दोन्ही तळहातांवर घेतलं आणि डोळे मिटले. मग नॅपकिन पुन्हा सोडून आणखी चिमूटभर पीठ काढलं.

‘‘एवढी होती,’’ ती म्हणाली. ‘‘घे.’’

वजनराव मागे सरकला तर पाठीला फ्रिज लागला. त्याने हात पुढे केले. उभ्या आयुष्यात त्याचे हात वजनाच्या बाबतीत फसले नव्हते, ते आज फसले. काहीतरी जड येणार म्हणून ते तयारीत होते, आणि आलं ते इतकं हलकं की दोन्ही हात किंचित वर उडाले. मग ते खाली आले आणि थरथरायला लागले. त्याने बोटं आत वळवली. मान कुठे असेल तिथे अंगठा टेकवला. आणि मग तो मोठ्याने, लाजलज्जा सोडून रडला.

‘‘मला हवी होती गं,’’ तो म्हणाला. ‘‘तिन्ही वेळा हवं होतं. तू म्हणशील तसं, तू म्हणशील तसं करत राहिलो, कारण मग गेलं तरी ते तुझं गेलं असं झालं असतं, माझं नाही. इतका हलकट आहे मी. मला अजून हवंय. उद्या हो म्हणू. तू पडून राहा, मी घरी बसतो, नोकरी गेली तर गेली. पण हो म्हणू.’’

बायको खुर्चीवर बसली. तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल या आशेने तो बघत होता, आणि तिचा चेहरा पार उतरला होता.

‘‘तू नको म्हणशील म्हणून वाट बघत होते मी,’’ ती म्हणाली.

‘‘म्हणजे?’’

‘‘मला नाही जमणार रे पुन्हा. बाथरूमला जायचं तरी जीव मुठीत धरून जायचं, दर वेळी कपड्याकडे बघायचं, रक्त नाही ना, रक्त नाही ना. महिनोन्‌महिने. मला नाही जमणार. पण ते माझ्या तोंडून निघत नाही. मी नको म्हटलं तर तिलाच नको म्हटल्यासारखं होतं. म्हणून तुझ्यावर टाकलं. म्हटलं, हा भित्रा आहे, हा नको म्हणेल आणि मी सुटेन.’’ ती जरा हसली, पण ते हसणं बघवत नव्हतं. ‘‘तर तुला नेमकं आजच शहाणपण सुचलं.’’

‘‘मग दत्तक...’’

‘‘आत्ता नको. आत्ता मला काहीसुद्धा विचारू नकोस.’’

फोन अजून चालूच होता, तो त्याने हात लांब करून बंद केला. पीठ डब्यात भरायला हवं होतं, ते कुणी भरलं नाही. बऱ्याच वेळाने तिने ते नॅपकिनातलं त्याच्या हातातून काढून घेतलं, आणि आता ते कुठे ठेवायचं हे दोघांनाही कळेना.

सोमवारी डॉक्टरांनी खुर्च्या दाखवल्या आणि तिलाच विचारलं, ‘‘मग? काय ठरलं?’’

तिने पर्सचा पट्टा घट्ट धरला होता. तिचे ओठ हलले. वजनरावाने माणसांच्या हालचाली बघण्यातच उमर घालवली होती; ओठ ‘हो’साठी वळलेत हे त्याला लगेच दिसलं. त्याला हवंय म्हणून ती हो म्हणणार होती. पुन्हा त्या बाथरूमच्या दारातून महिनोन्‌महिने जाणार होती, त्याच्यासाठी.

‘‘नको,’’ तो मध्येच म्हणाला. ‘‘मला नकोय, डॉक्टर.’’

‘‘यांचं काय म्हणणं आहे तेही ऐकू या की.’’

‘‘तिचा प्रश्न नाही. मलाच नकोय. माझी तयारी नाही.’’

तिने मान फिरवून त्याच्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. डॉक्टरांनी कागदी रुमालांचा डबा तिच्यापुढे सरकवला आणि वजनरावाकडे अशा नजरेने बघितलं की त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. ‘‘पुढे पस्तावाल,’’ ते म्हणाले. ‘‘आज हातपाय चालतात म्हणून वाटतं. उतारवयात जवळ माणूस लागतं.’’

‘‘हो,’’ वजनराव म्हणाला.

रस्त्यावर आल्यावर ती त्याच्या दोन पावलं पुढे चालत राहिली. तिच्या दुकानाचं वळण आलं तेव्हा थांबली.

‘‘खोटं बोललास.’’

‘‘हो.’’

‘‘मला सुटल्यासारखं वाटतंय रे. लाज वाटतेय त्याची.’’

‘‘लाज कसली त्यात?’’ तो म्हणाला. तिने त्याचा हात दाबला आणि ती दुकानाकडे गेली. तो तिथेच उभा राहिला. त्याला सुटल्यासारखं वाटत नव्हतं. छातीत काहीतरी कायमचं बंद झाल्यासारखं वाटत होतं, आणि ते आपण आपल्याच हाताने केलं, ते बरोबर केलं, आणि तरी ते सहन होत नाही, हे तिन्ही एकदम वाटत होतं. आसपास माणसं कामाला चालली होती. तोही चालायला लागला.

स्टुडिओत जाऊन त्याने बाईंकडून चार दिवसांची मुदत मागून घेतली आणि फोनमधला व्हिडिओ उघडला. आवाज बंद केला. रडण्याच्या आधीपर्यंतचा तुकडा तेवढा ठेवला, बायको दिसत होती तो भाग कापला, आणि उरलेल्या हातांवरून एकेक चित्र उतरवत गेला. पेंगुळने एकदोनदा चहाला हाक मारली. तो उठला नाही.

चौथ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत शॉट लागला. बायको तळहातावर बाळ ठेवते. राक्षसाचे हात किंचित वर उडतात. खाली येतात, थरथरायला लागतात, आणि पहाडासारखी ती बोटं हळूहळू आत वळतात. संपलं. डोळ्याचं पातं जरा जास्त वेळ मिटलं तर चुकेल एवढंसं.

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. मग म्हणाल्या, ‘‘पुन्हा लाव.’’

पुन्हा लावला. पेंगुळ चक्क जागा होता आणि नाक ओढत होता.

‘‘ते हात आधी वर जातात ते,’’ बाईंचा आवाज कधी नव्हे तो खाली आला होता, ‘‘कुठून सुचलं रे तुला?’’

‘‘व्हिडिओ काढला होता घरी.’’

दिवे लागले. बाईंनी डोळे पुसले, ते लपवलंही नाही, आणि उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘त्या दिवशी मी बोलले ना, ते विसरून जा. तुला मुलं होतील तेव्हा बघ, फार चांगला बाप होशील तू.’’

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पेंगुळने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

‘‘हो,’’ वजनराव म्हणाला. ‘‘पुढचा शॉट कुठला?’’